शून्य वर्षातली माणसं

सावरमाळच्या शाळेत अकरावीच्या वर्गात दरवर्षी एक तरी मूल आलेख आरंभबिंदूतून काढायचं. प्रेमराज सर त्या मुलाची जणू वाटच पाहत असत. वहीवरून नजर फिरवता फिरवता ते थांबायचे, खडू कानामागे खोवायचे आणि विचारायचे, "हा तुझा वक्र शून्यातून का निघाला रे?"

"सर, वर्ष शून्य. मग माणसंही शून्य."

"असं! मग तुझे आजोबा कुठून आले? हेलिकॉप्टरने सोडले का?"

वर्ग हसायचा. मग सर फळ्याकडे वळायचे. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत बसलेल्या या गावाची लोकसंख्या ते फळ्यावर लिहायचे. १९८१ साली ७४२, १९९१ साली ९६८, २००१ साली १,२२६, २०११ साली १,१६१. या चार आकड्यांतून जाणारी बहुपदी मुलांकडून काढून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आता t च्या जागी शून्य ठेवा. t असलेली सगळी पदं गळून पडतील. उरेल ते एकटं पद. वक्र उभ्या अक्षाला जिथे छेदतो ना, तिथे ते उभं असतं. ते आहे ७४२. म्हणजे काय?"

मग स्वतःच सांगायचे. आवाज जरा खाली यायचा.

"म्हणजे आपण मोजायला सुरुवात केली तेव्हा जी माणसं आधीच इथे होती, ती. शून्य काळाला असतं, माणसांना नसतं. आपण घड्याळ लावायच्या आधीही कोणीतरी इथे चूल पेटवत होतं. पुढचा सगळा वक्र त्यांच्या खांद्यावर उभा आहे. तो आकडा चुकला, तर पुढचं गणित कितीही बरोबर सोडवा, उपयोग नाही."

हे वाक्य ते चौदा वर्षं सांगत होते. आणि चौदा वर्षं, ते सांगताना, फळ्यावरच्या चौथ्या आकड्याकडे त्यांची पाठ असायची.

कारण तो चौथा आकडा त्यांचा होता.

प्रेमराज सर मूळचे अमळनेरचे. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली ती इथे, आणि इथेच राहिली. पत्नी दिपमाला अमळनेरच्या घरी, मुलगा भूषण पुण्यात. सर शाळेमागच्या एका खोलीत राहत, शनिवारी एसटीने साक्री आणि धुळे करत घरी जात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परतत. स्वयंपाक बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. पण अक्षर असं की तालुक्यातून माणसं बघायला यावीत. त्यांच्या हजेरीपटावर खाडाखोड नसे. उत्तरपत्रिका तपासताना चुकून एक गुण जास्त पडला, तर ते गुणांचं पानच नव्याने करत. खाडाखोड केलेला कागद त्यांना मळकट कपड्यासारखा वाटायचा. घालून बाहेर कसं पडणार?

२०११च्या फेब्रुवारीत जनगणनेची ड्युटी लागली तेव्हा वरचा पाडा त्यांच्या वाट्याला आला.

वरचा पाडा म्हणजे सावरमाळच्या माथ्यावरची वस्ती. शाळेपासून चढून जायला अर्धा तास. त्या आठ-दहा वर्षांत पाडा दिवाळीनंतर रिकामा व्हायला लागला होता. मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि माणसं गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला जायची. मागे राहायचे म्हातारे, आजारी आणि कोंबड्या. सर चढून गेले तेव्हा दारोदार कुलूप होतं. जिथे कुलूप नव्हतं तिथे बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फास ओढलेला. एकाच घरात माणसाचा आवाज होता. मंजुळाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. चिंधा हा पाड्याचा कारभारी. न्यायनिवाडा, लग्न, मर्तिक, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. तो त्या वर्षी छातीच्या दुखण्याने खाटेला खिळला होता.

"मास्तर, बठ्ठासना नावं मी सांगस. लिखी ल्या," मंजुळाबाई म्हणाली. आणि तिने घरामागून घर, नावामागून नाव सांगायला सुरुवात केली. दुधपित्या पोरासकट.

सरांनी तिला थांबवलं. प्रशिक्षणात नियम सांगितला होता. गणनेच्या वीस दिवसांत जो माणूस एकही दिवस घरी नव्हता, त्याला इथे मोजायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जाईल.

"उसना फडमा कोन मोजाले येस, मास्तर?"

"तिथलेही कोणी मास्तर असतीलच की," सर म्हणाले. त्यांनी चिंधाचं आणि तिचं नाव लिहिलं, मागे राहिलेल्या दहाबारा म्हाताऱ्यांची नावं लिहिली आणि उतरले.

इथपर्यंत त्यांची चूक नव्हती. हे ते स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगणार होते.

बावीस फेब्रुवारीला चिंधा गेला. कारभारीच गेला म्हटल्यावर मुकादमालाही नाही म्हणता येईना. चोवीसला तीन ट्रक भरून सगळा पाडा परत आला, दोन दिवसांसाठी. गणनेची मुदत अठ्ठावीसपर्यंत होती. मंजुळाबाईच्या घरात सुतक, पण बाई ध्यानात ठेवणारी. तिने शाळेत एका म्हाताऱ्याकरवी निरोप धाडला. मास्तरांना सांगा, आता या, बठ्ठा ऊनात. सगळे आलेत, मोजून घ्या.

निरोप सरांना मिळाला, तेव्हा ते खोलीत बसून आपल्या भागाचा गोषवारा पक्का करत होते. पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, एकूण इतके. बेरीज आडवी आणि उभी जुळली होती. शाई वाळत होती. आता वर जायचं, तर सगळा गोषवारा फिरणार. आकड्यांवर काट मारायची. नाही तर नवा कागद मागायला साक्रीला जायचं, आणि साहेब विचारणार की पहिला काय झाला.

"उद्या येतो म्हणावं," त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि त्यांना ट्रक उतरताना दिसले. वर बसलेल्या बायांनी पदर तोंडावर घेतले होते, धुळीमुळे. एक पोर ट्रकच्या फळीवरून हात हलवत होतं. सरांनीही हात हलवला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरोघर पुन्हा फिरून जन्म-मृत्यूची दुरुस्ती करायची होती. ती त्यांनी खोलीत बसूनच केली. म्हणजे केलीच नाही. चिंधाचं नाव यादीत तसंच राहिलं. मेलेला मोजला गेला. दोन दिवस घरी येऊन त्याला पोचवून गेलेले तीनशे सत्तेचाळीस जिवंत मोजले गेले नाहीत.

पावसाळ्यात तालुक्याला समारंभ झाला. विनाखाडाखोड, बिनचूक कामाबद्दल प्रेमराज सरांना प्रमाणपत्र मिळालं. मुख्याध्यापकांनी ते चौकटीत घालून कार्यालयात लावलं. गोषवारा जेव्हा गावाच्या एकूण आकड्यात मिळून छापून आला, तेव्हा सावरमाळ दहा वर्षांत पासष्ट माणसांनी आटलं होतं. सर दरवर्षी वर्गात विचारत, "इथे वक्र खाली का वाकला असेल?" कोणी म्हणे स्थलांतर, कोणी दुष्काळ, एक पोरगी तर म्हणाली, सर, देवी आली असेल. सर सगळ्यांना पूर्ण गुण देत.

एकवीस साली पुढची जनगणना होईल आणि सगळं आपोआप दुरुस्त होईल, या आशेवर त्यांनी दहा वर्षं काढली. ती जनगणना झालीच नाही. आकडा तसाच राहिला, छापलेला, पक्का.

यंदा जानेवारीत हेमांगी आली.

हेमांगी त्यांची विद्यार्थिनी. पंधरा वर्षांपूर्वी याच शाळेतून बारावी झालेली. आता धुळ्याच्या एका कार्यालयात पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता. गावाच्या नळयोजनेचा आराखडा तिच्याकडे होता. तिने स्टाफरूममध्ये येऊन सरांच्या पायांना हात लावला, बॅग टेबलावर टेकवली आणि हसत म्हणाली, "सर, वाईट बातमी आहे. माझ्या सूत्रात तुमचं सावरमाळ मरतंय. दोन हजार पंचावन्नला."

"काय बडबडतेस?"

तिने कागद पसरला. आलेख होता. डावीकडून चढत आलेली रेघ २०११पाशी वाकली होती. तिथून थोडी रेंगाळून ती उतरायला लागली होती, आधी हळू, मग घाईने, आणि २०५५च्या सुमारास आडव्या अक्षाला टेकली होती. त्यानंतर गावात ऋण माणसं राहणार होती.

"तीस वर्षांपुढची लोकसंख्या धरून टाकी बांधायची असते. त्यासाठी हे वर्गबहुपदीचं सूत्र. n म्हणजे २०११पासूनची दशकं," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, शून्य ठेव आणि उरतं ते नीट वाच. मी ठेवलं. १,१६१ उरतात. सर, २००१ला बाराशे सव्वीस होते. मधे ना पूर, ना साथ. मी इथेच शिकले, मला माहीत आहे. इतकी माणसं गेली कुठे?"

चहा आला. तो सरांनी बशीत ओतला आणि प्यायला विसरले.

"साहेब म्हणतात, घटतं गाव आहे, खालच्या गावापुरती टाकी करा. शाळेच्या मागे, सपाटीला," हेमांगी पुढे म्हणाली. "तसं झालं तर पाणी वरच्या पाड्यावर चढणार नाही. पाडा धरायचा असेल तर टाकी माथ्यावर हवी, दुपटीहून मोठी. मी एकदा उगाच तीनशे-साडेतीनशे माणसं आकड्यात मिळवून बघितली. वक्र सरळ वर जातो हो. २०५६ला तीन हजार. एका आकड्याने, सर."

"मग धर की तो आकडा."

"माझ्या मनाने कसा धरू? छापील आकडा आहे. पण एक वाट आहे." तिने आवाज कमी केला. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, ज्यांनी पाडा मोजला त्यांनी सांगायचं की गणनेच्या काळात माणसं गावात होती आणि तरी मोजायची राहिली. इतिवृत्तात तेवढं वाक्य आलं की मला नवीन घरमोजणी पाया म्हणून धरता येते. माणसं बाहेर होती म्हणून राहिली, असं मात्र नको. कारण मग आकडा नियमाने बरोबरच ठरतो." ती थांबली. "सर, पाडा कोणी मोजला होता, तुम्हाला आठवतं?"

कार्यालयाचं दार उघडं होतं. भिंतीवरची चौकट स्टाफरूममधून दिसत होती. हेमांगीची पाठ तिकडे होती, की तिने ती मुद्दाम तशी ठेवली होती, हे सरांना कळलं नाही.

"पाहतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पाडा चढून गेले. गुडघे बोलत होते. पाडा होता तसाच, कुलपं आणि बाभळीचे फास. फक्त काही दारं आता पत्र्याची होती. मंजुळाबाई अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. तिने चाळण बाजूला ठेवली आणि सरांना खाट टाकली.

सरांनी योजनेचं सांगितलं. टाकी, उंची, ग्रामसभा, सगळं. ती ऐकत होती. तिची सून आणि मुलगा बारडोलीकडे होते. पाण्यासाठी ती दिवसातून दोनदा झऱ्यावर जायची, उन्हाळ्यात झरा आटला की शाळेजवळच्या हातपंपावर, म्हणजे अर्धा तास खाली आणि भरला हंडा घेऊन पाऊण तास वर.

"तुमीन त्या साल ऊनात नही, मास्तर," ती एकदम म्हणाली. रागाने नाही. पाऊस कमी झाला म्हणावं तसं.

"हो. नाही आलो."

"मी वाट देखी. बठ्ठासले सांगं, कोनी जाऊ नका, मास्तर येवाव शेतस. पोरं ट्रकमा बसेत नही व्हती."

सरांनी खिशातून वही काढली. "नावं सांगा," ते म्हणाले. "तेव्हा जी सांगत होतात ती."

मंजुळाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि सांगायला लागली. पंधरा वर्षांपूर्वीचा पाडा, घरामागून घर, तिला तोंडपाठ होता. कोण पुढे मेलं, कोण नांदायला गेली, हेही ती सांगे, पण त्या साली कोण होतं ते ती चुकत नव्हती. सर लिहीत गेले. एका ठिकाणी तिने नाव सांगितलं, मग म्हणाली नाही, ती पोर पुढच्या साली झाली, खोडा. सरांनी खोडलं. हात क्षणभर थांबला, पण खोडलं. सगळी मिळून तीनशे सत्तेचाळीस झाली. ऊन कलायला आलं होतं.

"तुमी सभामा सांगशात ना, मास्तर?"

"सांगेन," सर म्हणाले. आणि त्या घडीला ते खरं होतं.

त्या शनिवारी अमळनेरला त्यांनी दिपमालाला सगळं सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती. बराच वेळ तिने देठं मोडली.

"कितवा महिना चालू आहे?" तिने विचारलं.

"जानेवारी."

"मेअखेर तुम्ही रिटायर. पेन्शनचे कागद धुळ्याला पडलेत. आता उठून सभेत सांगणार, मी सरकारी कामात हयगय केली? आणि लिहून देणार? चौकशी लागली तर कोण निस्तरणार? भूषणला सांगू का, बापाने म्हातारपणी हे काढलं म्हणून?"

"तीनशे सत्तेचाळीस माणसं आहेत गं."

"ती तर तेव्हाही होती," दिपमाला म्हणाली. मग तिलाच ते वाक्य कडू लागलं असावं. तिने ताट उचललं आणि आत गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली. चाळीस-पन्नास माणसं. सगळी खालच्या गावातली. पाड्यावरून एकटी मंजुळाबाई आली होती, सतरंजीच्या कडेला बसली होती. टेबलामागे सरपंच रुपचंदभाऊ, ग्रामसेवक आणि हेमांगी.

पाड्याचा विषय निघताच रुपचंदभाऊ हसले. "पाडावर बठ्ठी कुलूपं शेतस. कुलूपं पाणी पेतस का?"

हशा पिकला. कोणीतरी मागून म्हणालं, "गंजी जातीन, भाऊ!" पुन्हा हशा.

हेमांगी हसली नाही. कागद सरळ करत तिने विचारलं, "२०११च्या गणनेत पाडा कोणाकडे होता?"

प्रेमराज सर उभे राहिले. सभेत कुजबूज थांबली. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. छडी न उगारता शिकवणारे सर, ज्यांच्या वहीत खाडाखोड नसते ते सर.

"सरांकडे होता!" रुपचंदभाऊ म्हणाले. आता ते शुद्ध बोलत होते, सभेसाठी. "मग प्रश्नच मिटला, मॅडम. सरांना बिनचूक कामाचं सर्टिफिकेट आहे, ते पाहा, कार्यालयाच्या भिंतीला आहे. का हो सर, चुकलं होतं का काही?"

विचारण्यात थट्टा होती, मानही होता. चाळीस-पन्नास चेहरे हसून त्यांच्याकडे पाहत होते. सरांनी वाक्य पाठ केलं होतं. माणसं आली होती, मला निरोप मिळाला होता, मी गेलो नाही. तीन छोटी पदं. त्यांनी तोंड उघडलं.

"पाडा त्या वेळी बंद होता," ते म्हणाले. "लोक ऊसतोडीला गेले होते."

हेमांगीने पेन टेकवलं नाही. "पूर्ण काळ, सर? एक दिवसही आले नव्हते?"

"मास्तरले इचारा," सतरंजीच्या कडेने आवाज आला. मंजुळाबाई उठून उभी राहिली होती. "बठ्ठा ऊनथात. मना धनी गया तव्हय. मास्तरले माहित शे."

"आजी, बसा. मास्तरांनाच विचारतोय आम्ही," ग्रामसेवक म्हणाला.

सरांची मान खाली होती. सतरंजीवर जिलेबीचा एक तुकडा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. खिशात वही होती. तीनशे सत्तेचाळीस नावं आणि एक खोडलेलं.

"माझ्या माहितीप्रमाणे," ते म्हणाले, "पूर्ण काळ."

हेमांगीने ते लिहून घेतलं. लिहायला तिला जितका वेळ लागला तितका त्या वाक्याला लागत नाही. टाकी शाळेच्या मागे, सपाटीला, असा ठराव आवाजी मतदानाने पास झाला. मंजुळाबाई ठराव वाचून होईपर्यंत उभीच होती. मग तिने चप्पल शोधली आणि पाड्याची वाट धरली.

जाताना हेमांगीने नेहमीसारखा सरांच्या पायांना हात लावला. वर मान केली तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "येते, सर," ती म्हणाली. "इतिवृत्त महिनाभर उघडं असतं. कोणी लेखी दिलं तर जोडता येतं."

सरांनी लिहायला घेतलं. त्याच संध्याकाळी. चार ओळींचं निवेदन. पहिल्या कागदावर 'निरोप' लिहिताना शाई फुटली, म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यावर तारखेत चोवीसच्या जागी पंचवीस पडलं. तिसऱ्यावर वाक्य फार लांब वाटलं. दर खेपेला पत्र सुबक होत गेलं आणि दर खेपेला त्यातून काहीतरी कमी होत गेलं. 'मला निरोप मिळाला होता व मी गेलो नाही' याचं आधी 'मला जाणे शक्य झाले नाही' झालं, मग 'काही कुटुंबे अल्पकाळ आली असण्याची शक्यता नाकारता येत नाही' झालं. शेवटचा कागद अगदी निर्दोष होता. त्यात कोणी काही केलेलं नव्हतं. तो त्यांनी पाठवला नाही. पाठवून उपयोग नव्हता, हे गणित त्यांना येत होतं.

फेब्रुवारीत वर्गात उजळणी सुरू होती. चेलना नावाची मुलगी, बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराची नात, हिने वक्र आरंभबिंदूतून काढला होता. सर तिच्या बाकापाशी थांबले. मुलं हसायच्या तयारीत होती, हेलिकॉप्टर येणार म्हणून.

"सर, चुकलं का?" तिने विचारलं.

सरांनी वहीकडे बराच वेळ पाहिलं. रेघ शून्यातून निघाली होती, स्वच्छ, देखणी. तिच्या मागे कोणी नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले. "पण मला विचारू नकोस का ते." आणि पुढच्या बाकाकडे गेले. वर्गात कोणी हसलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सर खोली रिकामी करायला आले. निरोप समारंभ एप्रिलमध्येच होऊन गेला होता. शाल, श्रीफळ आणि मुख्याध्यापकांनी भिंतीवरून काढून सन्मानाने हातात दिलेली ती चौकट. पेन्शनचे कागद मार्गी लागले होते. कोणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत नवी जनगणना आहे, असं सगळे म्हणत होते. पाड्याची कुलपं मोजायला दुसरा कोणी मास्तर जाणार होता.

दुपारी ऊन पांढरं झालं होतं. शाळेच्या मागे ठेकेदाराच्या माणसांनी टाकीच्या पायाची आखणी करून ठेवली होती. जमिनीवर फक्कीचं वर्तुळ. सर सवयीने त्यात शिरले आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं टाकली. सहा. त्यांनी मनातल्या मनात त्रिज्या घेतली, उंची धरली, लिटर काढले, माणशी पंचावन्न लिटरने भागलं. उत्तर जुळत होतं. बाकी उरत नव्हती.

हातपंपाकडून मंजुळाबाई येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी. वर पाड्याकडे धूर दिसत होता. माणसं ऊसतोडीवरून परतली होती. ती वर्तुळाजवळ थांबली. आत पाय टाकला नाही.

"टाकी लहानी शे ना, मास्तर?"

"हो," सर म्हणाले. "वर चढणार नाही पाणी."

हंड्यातलं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. सरांना वाटलं आता काहीतरी बोललं पाहिजे, निदान इथे, जिथे कोणी लिहून घेत नाही. जे सगळ्यात मोठं होतं ते त्यांच्या तोंडून निघेना. जे निघालं ते हे होतं:

"मंजुळाबाई, चिंधाभाऊ त्या आकड्यात आहेत. मी त्यांचं नाव काढलं नव्हतं. ही टाकी बांधताना तेही मोजलेत."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने त्या पांढऱ्या वर्तुळाकडे पाहिलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जसं नव्या घराकडे पाहावं.

"मंग त्यासना वाटानं पाणी तरी माले द्या, मास्तर," ती म्हणाली.

थट्टा होती की मागणं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने उत्तराची वाट पाहिली. खरोखर पाहिली, हंडा डोक्यावर तोलून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. मग चढाला लागली.

सर वर्तुळाच्या मधोमध उभे राहिले. साक्रीची गाडी सुटायला अजून वेळ होता. मंजुळाबाई वळणावळणाने लहान होत गेली, पहिल्या वळणाला तिने कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली, दुसऱ्या वळणाला ती थांबली, आणि तिसरं वळण शाळेतून दिसत नाही.